“आजी, हे स्किप कर ना”: घरातली गोष्ट आणि बाहेरून आलेला पडदा

रानजाई

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच काढते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. रात्री तिला सासूबाई गोष्ट सांगतात. त्यांच्या ठेवणीतली एक गोष्ट आहे, त्यांच्या आजीकडून आलेली. मी तरी ती कुठे छापलेली पाहिली नाही. एक मुलगा हातात दिवा घेऊन सात डोंगर ओलांडतो. प्रत्येक डोंगरावर वारा त्याला अडवतो आणि विचारतो, “तू कुणाचा कोण?” पहिल्या डोंगरावर तो नुसतं आपलं नाव सांगतो. दुसऱ्यावर नाव आणि आईचं नाव. तिसऱ्यावर आणखी आईनं शिकवलेलं गाणं. असं करत करत सातव्या डोंगरावर ते उत्तर एवढं लांबतं, की एका दमात म्हणताना सासूबाईंना धाप लागते.

मध्यंतरी एका रात्री दुसऱ्या डोंगरावरच मुलगी म्हणाली, “आजी, हे स्किप कर ना. डायरेक्ट शेवट सांग.” बोलताना तिचा अंगठा पांघरुणावरून वर सरकत होता, मोबाईलवर सरकतो तसा. तिचं तिला कळतही नव्हतं.

त्याचं मला फार वाटलं नाही. मुलं उतावळी असायचीच. लागलं ते पुढचं. सासूबाईंनी खरोखरच मधले डोंगर गाळले. पहिल्यावरून थेट सातव्यावर. आणि त्यानंतर रोज त्या आपणहून तशीच सांगायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “अगं, आता कुणाला धीर असतो एवढा? आमचं सगळं रटाळ.”

आयुष्यभर ही गोष्ट त्यांना रटाळ वाटली नव्हती.

प्रसारमाध्यमांचा परिणाम म्हटलं की आपण पडद्यावर काय दाखवतात यावर बोलतो. हिंसा, कपडे, भाषा, जाहिराती. ते आहेच. पण पडद्याची फूटपट्टी घरातला सांगणारा माणूस स्वतःलाच लावू लागतो आणि मग हळूहळू गप्प होतो, हे मला त्याहून मोठं नुकसान वाटतं. जॉर्ज गर्बनर या माध्यम-अभ्यासकाचं आयुष्यभराचं म्हणणं याच्या जवळचं होतं. मुलांना गोष्टी आधी घरचे, शिक्षक, शेजारी सांगत. आता त्या दूरच्या मूठभर कंपन्या सांगतात, आणि त्यांना काहीतरी विकायचं असतं.

एक उदाहरण मला फार धीर देतं. कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या बर्फाळ भागात ईग्लूलिक नावाची, इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. उपग्रहावरून टीव्ही घ्यायचा का, यावर तिथे मतदान झालं. १९७५ मध्ये लोकांनी नाही म्हटलं, १९७९ मध्ये पुन्हा नाही. त्यांचा यंत्राला विरोध नव्हता. त्यावर त्यांच्या इनुक्टिटूट भाषेत काहीच नव्हतं, हे कारण होतं. १९८१ मध्ये इनुइट लोकांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली, त्यांच्या भाषेतले कार्यक्रम सुरू झाले, आणि त्यानंतर त्यांनी टीव्ही घरात घेतला. पुढे याच ईग्लूलिकच्या लोकांनी आपल्या दंतकथेवर इनुक्टिटूटमध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट काढला, आणि २००१ मध्ये त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा द’ओर पुरस्कार मिळाला.

आधी नाही, मग आमच्या अटींवर हो. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. तुमच्या घरी तुम्ही काय करता? नुसतं “आम्ही टीव्ही काढून टाकला” एवढंच नको. त्या रिकाम्या वेळेत काय आलं, तेही सांगा.

आडवाट

+१. सविस्तर लिहितो संध्याकाळी.

चौकस

रानजाई, लेख मनापासून लिहिलाय, म्हणून मतभेदही मनापासून मांडतो.

प्रत्येक पिढीला आपल्यानंतर आलेलं माध्यम संस्कृती बुडवणारं वाटत आलं आहे. कादंबऱ्या आल्या तेव्हा त्या वाचून मुली बिघडतील म्हणत. मग सिनेमा, मग रेडिओ. आज त्याच रेडिओच्या आठवणींनी आपण हळवे होतो.

दुसरं, बघणारा माणूस म्हणजे ओल्या मातीचा गोळा नाही. स्टुअर्ट हॉल या माध्यम-अभ्यासकांनी १९७३ मध्येच मांडलं होतं, की कार्यक्रम करणारा एक अर्थ भरून पाठवतो, पण बघणारा तो तसाच घेईल असं नाही. कुणी तो जसाच्या तसा घेतो, कुणी निम्मा घेऊन निम्मा आपल्या अनुभवाशी ताडून बघतो, कुणी सरळ उलटा लावतो. ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी आदिवासींमध्ये एरिक मायकेल्स हे मानववंशशास्त्रज्ञ राहिले होते. हॉलिवूडचा मुष्टियोद्ध्याचा चित्रपट बघून ते लोक कशावर बोलत? या माणसाची आजी कुठे आहे? याच्या मेहुणीकडे कोण बघतंय? म्हणजे पडद्यानं नाती दाखवली नव्हती, तर त्यांनी ती स्वतः शोधायला घेतली. एवढी ताकद माणसांत असते. आपण तिला कमी लेखतो.

रानजाई

चौकस, वार्लपिरींचं उदाहरण फार सुंदर आहे, मला ते माहीत नव्हतं. पण हा प्रश्न त्यांना पडला कुठून? घरात आजी होती, मेहुणीची जबाबदारी कुणाची हे ठरलेलं होतं, म्हणून पडला. ज्या पोराच्या घरात नात्यांवर बोलणंच थांबलंय, त्याला आजी कुठे आहे हा प्रश्न पडेल का? तुम्ही सांगता ती ताकद खरी आहे. ती रोज वापरली तरच राहते, एवढंच माझं म्हणणं.

निळी शाई

मी अकरा वर्षं एका वृत्तवाहिनीच्या डेस्कवर होतो. नाव सांगत नाही. आतलं थोडं सांगतो, कारण रानजाईंच्या “रटाळ” या शब्दानं मला तिथल्या एका खुर्चीत नेऊन बसवलं.

आमच्याकडे दर आठवड्याला रेटिंग यायचं, मिनिटामिनिटाच्या आलेखासकट. बैठकीत तो आलेख मोठ्या पडद्यावर लावायचे. रेघ जिथे खाली आली, त्या मिनिटाला काय चाललं होतं ते बघायचं आणि पुढच्या वेळी ते काढायचं. पहिली दोन-तीन वर्षं मला यात काही वावगं वाटलं नाही. लोकांना नको ते कशाला दाखवा?

मग एकदा पुराची बातमी होती. एका म्हाताऱ्या बाईंचा बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या बोलण्याचा तुकडा, होता. घर वाहून गेलेलं. वार्ताहरानं विचारलं, काय काय गेलं? त्या बोलायला लागल्या, थांबल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, लांब बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “दार होतं.” बस, एवढंच. कच्च्या चित्रीकरणात ती शांतता सोळा सेकंदांची होती, मी मोजली होती. मी ती ठेवली. बुलेटिन गेलं. पुढच्या आठवड्यात आलेखात रेघ नेमकी तिथेच खाली होती, आणि मला सगळ्यांसमोर विचारलं गेलं की हे भोक कशाला ठेवलंस.

त्यानंतर मी अशी “भोकं” स्वतःच कापू लागलो. कुणी सांगायची गरज उरली नाही. आणि बाहेर काय झालं? दोन-चार वर्षांत लोकच बदलले. खेड्यातला माणूससुद्धा माईक पुढे आला की पटापट, ठासून, थोडं ओरडूनच बोलू लागला. थांबला तर कापले जाऊ, हे त्यानं घरी बसून बघितलेलं होतं. दुःख कसं सांगायचं हे आम्ही लोकांना शिकवलं, आणि मग तेच चित्रित करून परत त्यांनाच दाखवलं.

चौकस, बघणारा मातीचा गोळा नाही हे मान्य. पण आम्ही फक्त बघणारे घडवत नव्हतो, आम्ही बोलणारे घडवत होतो. त्या आजींची सोळा सेकंदं मी आजही विसरलेलो नाही.

सांजवेळ

निळी शाई, वाचून गलबलून आलं.

मी किशोरवयीन मुलींचं समुपदेशन करते, म्हणून त्या अंगानं थोडं. फिजी बेटांवर नाद्रोगा भागात टीव्ही १९९५ मध्ये आला. ॲन बेकर या मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ तिथे आधीपासून काम करत होत्या. तिथे भरलेलं, दणकट शरीर चांगलं मानत. बारीक होणं म्हणजे कुणीतरी काळजी घेत नाही याची खूण. टीव्ही नुकता आला तेव्हा आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांनी शाळकरी मुलींना तीच प्रश्नावली दिली. खाण्याविषयीचे विकृत विचार दाखवणारे गुण १९९५ मध्ये १२.७ टक्के मुलींना होते, १९९८ मध्ये २९.२ टक्के. मुलाखतींमध्ये मुली सरळ सांगत होत्या की मालिकेतल्या त्या बाईसारखं दिसायचंय.

मला यातलं सर्वांत टोचतं ते हे. तिथे तोवर शरीर ही एकटीची गोष्ट नव्हती. कुणी वाळलं तर सगळे विचारायचे, ते सगळ्यांचं काम होतं. तीन वर्षांत ते प्रत्येकीचं आरशासमोरचं एकटीचं काम झालं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये हाच एकटेपणा दिसतो. आपल्या शरीराबद्दल दुसऱ्या कुणाच्या शब्दांत बोलतात त्या.

चौकस

ताई, हा अभ्यास मी वाचला आहे. दोन्ही वेळी साठ-पासष्टच मुली होत्या, आणि त्याच मुली नव्हत्या, वेगवेगळ्या होत्या. त्या तीन वर्षांत बाकीही बरंच बदललं असणार. त्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नये.

सांजवेळ

बरोबर आहे, बेकर यांनीही ती मर्यादा लपवलेली नाही. मी एकट्या त्या आकड्यांवर विसंबत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एक गाव होतं, डोंगरांमुळे तिथे १९७३ पर्यंत टीव्ही पोचतच नव्हता. अभ्यासकांनी त्याला “नोटेल” असं टोपणनाव दिलं आणि टीव्ही येण्याआधी व आल्यावर दोन वर्षांनी तिथली माणसं तपासली. तशीच आणखी दोन गावं तुलनेला घेतली होती, त्यामुळे बाकीचं काही बदललं असेल ही शंका बरीच कमी होते. टीव्हीनंतर मुलांची नवनव्या कल्पना सुचण्याची चाचणी खाली आली, मैदानावरची मारामारी वाढली. आणि मोठी माणसं गावातल्या जमण्याच्या, खेळाच्या, कार्यक्रमांच्या ठिकाणी कमी दिसू लागली. हे शेवटचं फार कमी लोक सांगतात.

चौकस

नोटेलबद्दल मान्य. तुलनेची गावं होती हा मुद्दा वजनदार आहे.

कोरा कागद

इतके दिवस नुसती वाचक होते, पण हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. मी बाहेरच्या मुलांच्या मालिकांचे संवाद मराठीत आणते. डबिंगसाठी.

त्यात पहिला धनी म्हणजे चित्रातले ओठ. पात्राचे ओठ मिटले की तिथे प, फ, ब, भ, म यातलं काहीतरी यायला हवं. वाक्य जेवढ्या वेळाचं, तेवढ्यातच बसवायचं. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांचं मध्येच येऊन जातं. पात्र मधल्या शब्दावर टेबलावर हात आपटतं, तेव्हा आपलं क्रियापद अजून यायचं असतं. मग वाक्य मोडावं लागतं. अशी मोडकी वाक्यं मुलं दिवसातून तासभर ऐकतात आणि तशीच बोलतात. “मी जातोय आहे तिकडे, कारण की” वगैरे. ती वाक्यं माझ्यासारख्यांच्या टेबलावरून गेलेली आहेत, हे मला कबूल करायला हवं.

पण खरं दुखतं ते नात्यांचं. मूळ संवादात “अंकल” आहे. हा काका, मामा, की आत्याचा नवरा? पटकथेत लिहिलेलं नसतं, कारण तिकडे गरजच नसते. पुढच्या भागात तो आईचा भाऊ निघाला तर आधीचे सगळे भाग चुकतील. वेळ नसतो, मग “अंकल”च ठेवायचं. तू म्हणायचं की तुम्ही, हीसुद्धा तीच गत. माझ्या भाचीनं मला एकदा विचारलं, “मावशी, मामा आणि काका हे दोन वेगळे का असतात?” मी दिवसभर अंकल अंकल लिहून घरी आले होते. तिच्यासमोर मला बोलताच येईना.

त्यानंतर मी एक हट्ट धरला आहे. प्रत्येक मालिका हातात आली की आधी सगळ्या पात्रांचा नातेवृक्ष मागते. मिळत नाही तेव्हा दिग्दर्शकाशी बसून आम्हीच ठरवतो आणि शेवटपर्यंत पाळतो. अर्धा दिवस जास्त जातो, त्याचे पैसे मिळत नाहीत. गेल्या तीन मालिकांत एकही “अंकल” नाही.

निळी शाई

कोरा कागद, तुमच्या या अर्ध्या दिवसाला मी मोठा प्रतिकार मानतो.

आडवाट

सकाळी म्हटल्याप्रमाणे लिहितो. माझा भर वेगळा आहे. घराघरांतून होईल ते होईल, पण एवढ्या मोठ्या यंत्रणेपुढे कायद्याशिवाय टिकाव लागत नाही.

कॅनडानं १९७१ मध्ये रेडिओला नियम घातला की वाजवलेल्या गाण्यांपैकी ३० टक्के कॅनडाची हवीत. फ्रान्समध्ये १९९६ पासून ४० टक्के गाणी फ्रेंचमधली हवीत. दक्षिण कोरियात चित्रपटगृहांना वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट लावावे लागत. अमेरिकेशी व्यापार कराराच्या बोलण्यांसाठी २००६ मध्ये ते ७३ वर आणले, तेव्हा तिथले कलावंत रस्त्यावर उतरले होते. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये तर सरकारनं वेल्श वाहिनीचं आश्वासन मोडलं म्हणून १९८० मध्ये ग्विनफोर एव्हन्स या सत्तरी गाठत आलेल्या पुढाऱ्यानं आमरण उपोषण जाहीर केलं. पंतप्रधान थॅचर यांच्या सरकारनं उपोषण सुरू होण्याआधीच माघार घेतली, आणि १ नोव्हेंबर १९८२ ला एस४सी ही वाहिनी सुरू झाली. युनेस्कोच्या २००५ च्या सांस्कृतिक वैविध्याच्या कराराच्या बाजूनं १४८ मतं पडली आणि विरोधात फक्त दोन, अमेरिका आणि इस्रायल. म्हणजे ही काही आपली एकट्यांची कुरकुर नव्हे, जवळजवळ सगळं जग हे म्हणतंय.

तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर कायदा जागा राखून देतो, त्या जागेवर बसवायचं काय ते कायद्याला कळत नाही. फ्रान्समध्ये रेडिओवाले तीच ती मोजकी फ्रेंच गाणी फिरवून टक्केवारी भरू लागले, म्हणून २०१६ मध्ये नियम दुरुस्त करावा लागला. वेल्श वाहिनी टिकली, कारण वेल्श बोलणारी घरं होती. म्हणून रानजाईंच्या सासूबाई आणि ग्विनफोर एव्हन्स हे माझ्या मते एकाच कामाची दोन टोकं आहेत.

उद्यापरवा

मी इथे वयानं सगळ्यात लहान असेन. तुमचं सगळं बोलणं टीव्हीच्या काळातलं आहे, असं वाटलं. ईग्लूलिकला मतदान करता आलं, कारण टीव्ही एकदाच, सगळ्यांसाठी येणार होता. फोनमध्ये आमच्या घरातल्या चौघांना चार वेगळी जगं दिसतात. मतदान कशावर घेणार?

पण चांगलंही आहे. मी आमच्या बोलीत छोटे व्हिडिओ करतो. टीव्हीवर ही बोली फक्त हसण्यापुरती असायची, नोकर किंवा चोर बोलायचा. माझ्याकडे लोक लिहितात की पहिल्यांदा आमच्या भाषेत कुणी गंभीरपणे बोललं. ते वाचून रात्रभर झोप येत नाही, इतका आनंद होतो.

निळी शाई काकांचा प्रतिसाद वाचून मात्र दचकलो. मलाही तोच आलेख दिसतो, रोज. कितव्या सेकंदाला किती लोक निघून गेले. मीही पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी धमाका ठेवतो, आणि माझे वडील बोलताना जिथे थांबतात ते सगळं कापतो. परवाचा व्हिडिओ पुन्हा बघितला. बोली आमचीच आहे, पण असं घाईनं आमच्याकडे कुणीच बोलत नाही.

पुढचा एक व्हिडिओ न कापता टाकणार आहे. वडिलांना बोलू देतो त्यांच्या गतीनं.

निळी शाई

टाक बाळा. आणि पहिले सात दिवस आलेख उघडू नकोस.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण मधे थोडं काही घडलं.

आधी मी ठरवलं की सासूबाईंची गोष्ट पूर्ण, साती डोंगरांसकट, रेकॉर्ड करून ठेवायची. दुपारी शांत वेळ बघून फोन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी सुरुवात केली आणि दोन वाक्यांत थांबल्या. म्हणाल्या, “हं कोण म्हणणार?” मला आधी कळलंच नाही. त्यांच्या आजीचा दंडक होता, ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. फोन हुंकार देत नाही, म्हणून त्यांना पुढचं आठवेना. आठवेना म्हणजे खरंच आठवेना, तिसऱ्या आणि चौथ्याची सरमिसळ होऊ लागली. मी समोर बसून “हं” म्हणू लागले तेव्हा गाडी चालू झाली.

मग ते काम मुलीला दिलं. तिला सांगितलं, आजीची गोष्ट तुझ्या “हं”वर चालते. पहिल्या दोन रात्री तिनं चेष्टाच केली, हं हं हं हं असं भरभर. आजी तेवढ्याच शांतपणे थांबून राहायच्या. तिसऱ्या रात्री चेष्टा संपली. झोपही लागली मध्येच, पण चालायचंच.

काल सातवा डोंगर झाला. लांबलचक उत्तरात “मोडक्या काठीचा सोबती” असे शब्द येतात. मुलगी उठून बसली. “आजी, काठी कुठून आली?” ती चौथ्या डोंगरावर येते, आणि त्या रात्री ही झोपली होती. सासूबाई म्हणाल्या, “उद्या चौथ्यापासून सांगते.” तर म्हणाली, “नको, पहिल्यापासून.”

सासूबाई सकाळपासून गुणगुणताहेत. तिसऱ्या डोंगरावरच्या गाण्याचं एक कडवं त्यांना आठवत नव्हतं, ते आठवून बघताहेत.

कोरा कागद

रानजाई, ते कडवं सापडलं तर इथे लिहाल का? आणि सासूबाईंची हरकत नसेल तर रेकॉर्डिंग ऐकायला आवडेल.

रानजाई

त्यांना विचारून सांगते. बहुतेक म्हणतील, तिलाच घरी बोलाव, हं म्हणायला कुणीतरी हवंच आहे.